गाळातलं बिऱ्हाड

छत्रपती संभाजीनगर
१९ जानेवारी २०२५

दादा,

जिवंत आहेत! हे आधी लिहिते, बाकीचं मग. आज दुपारी मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि सगळ्यात आधी सांगावंसं वाटलं ते तुला. आपलं बोलणं बंद आहे हे त्या घडीला माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा कागद पुढं ओढला.

तू गावात सांगतोस म्हणे, आमची सुकेशनी विद्यापीठात चिखल चाळती. बरोबरच सांगतोस. पण तो चिखल कुठला, ते तुला कधी सांगताच आलं नाही. मागच्या साली मी जहाजावर गेले होते ना, तिथला आहे. हिंदी महासागराच्या मधोमध समुद्र पाच किलोमीटर खोल आहे. तू मेंढरं हाकत दीड तास चालशील तेवढं अंतर, पण सरळ खाली. तिथं उजेड नाही, गवताची काडी नाही, थंडी फ्रिजमधल्यासारखी. वरच्या पाण्यात जे मरतं, जे हगतं, त्यातलं उरलंसुरलं खाली पोचतं. तेही वाटेत दहाजणांनी खाऊन. आम्ही जाड तारेला लोखंडी नळी बांधून तळात रुतवली आणि उभाच्या उभा गाळ वर ओढून काढला. तपकिरी, मऊ, लोण्यासारखा.

आता ऐक. तिथं गाळ इतका हळू साचतो की एका माणसाच्या आयुष्यात वहीच्या एका पानाएवढा थर जमतो, जास्त नाही. म्हणजे नळीच्या खालच्या टोकाचा गाळ आमच्या हिशेबानं वीस लाख वर्षांपूर्वीचा. अजिंठ्याचा डोंगर तेव्हा होता, पण लेणी कोरणाऱ्याच्या खापरपणजोबाचाही पत्ता नव्हता. त्या गाळात जंतू गाडले गेलेत. जवळजवळ उपाशी. तिथं एकाचे दोन व्हायला शेकडो-हजारो वर्षं लागतात असं म्हणतात.

असल्या गाळात जंतू असतात हे मी शोधलेलं नाही, जगाला ते आधीच माहीत आहे. पण ते खरंच जिवंत आहेत की नुसती मढी टिकून राहिलीत, आणि खायला दिलं तर उठतात का, हे प्रत्येक ठिकाणच्या गाळाला नव्यानं विचारावं लागतं. आमच्या या गाळाला कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं.

मागच्या महिन्यात बाटलीतला थेंब घेतला की शोधून शोधून एखादा हिरवा ठिपका सापडायचा. आम्ही रंग घालतो, त्यानं जंतू हिरवा चमकतो. आज मायक्रोस्कोपला डोळा लावला तर पूर्ण अंधारात चांदणं पडलेलं! आणि काही ठिपके जोडीनं. जोडीनं म्हणजे एकाचे दोन होताना, दादा!

मी किंचाळले. शिवराज म्हणून पैठणचा मुलगा माझ्यासोबत पीएचडी करतोय, तो पळत आला.

"शॉक बसला का?"

"बघ! बघ आधी!"

त्यानं बघितलं. मग खुर्ची ओढून खाली बसला आणि म्हणाला, "मला पाणी दे."

अजून मॅडमना सांगितलेलं नाही. उद्या सांगेन. उत्तर दे असं म्हणत नाही. नुसतं वाच.

सुकेशनी


छत्रपती संभाजीनगर
८ फेब्रुवारी २०२५

दादा,

सुरेखावहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, "पत्र आलं तवा ते मेंढरं घिऊन चाळीसगावाकडं व्हते. आल्यावर वाचलं, घडी घातली अन् खिशात ठिवलं."

"काय म्हणाला?"

"काय नाय. जेवताना एकदाच बोलले. म्हनले, त्यास्नी खायला काय घालती म्हनावं ती?"

"मला विचारलं?"

"तुला कुठलं! भाकरीकडं बघून इचारलं."

मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. त्याचं उत्तर मी तुला सविस्तर देणार आहे, पण आज नाही. आज दुसरं सांगायचंय.

प्रेरणा मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्यांना सगळे कागद दाखवले, फोटो दाखवले. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "सुकेशनी, वीस लाख वर्षांचे उपाशी जंतू उठून बसले, यापेक्षा तुझ्या हातमोज्याला भोक होतं यावर माझा लवकर विश्वास बसतो."

मला राग आला, पण त्या चुकीचं बोलत नव्हत्या. जंतू कुठं नसतात? आपल्या हातावर, श्वासात, टेबलावर. म्हणून आम्ही साक्षीला जास्तीच्या बाटल्या ठेवतो. एकीत उकळून मारलेला गाळ. एकीत गाळच नाही, नुसतं खाद्य. उकळलेली बाटली स्वच्छ होती. पण बिनगाळाच्या बाटलीत चार-दोन ठिपके सापडले. संपलं! घरात चोर शिरलाय म्हटल्यावर कोण पाहुणा आणि कोण चोर, कसं ओळखायचं?

"पुन्हा कर," मॅडम म्हणाल्या. "पहिल्यापासून. मी शेजारी बसते."

त्या तळच्या गाळाचा मुठीएवढा एकच तुकडा शीतखोलीत उरलाय. तो संपला की पुन्हा समुद्र गाठावा लागेल.

तो तुकडा कोणत्या दिवशी वर आला, तेही सांगते. नळी डेकवर येत होती, सगळे जण टाळ्या वाजवत होते, आणि कॅप्टनच्या केबिनमधून मला बोलावणं आलं. वहिनींच्या भावानं मोहिमेच्या ऑफिसला कळवलं होतं, ऑफिसनं जहाजाला. माय गेली. मी कॅप्टनला म्हटलं, हेलिकॉप्टर? ते म्हणाले, बेटा, इतक्या लांब कुठलंच येत नाही. बंदर गाठायला आठवड्याच्या वर लागणार होतं. तोवर तू सगळं उरकलेलं असणार होतंस.

मग मी डेकवर गेले आणि नळी उघडायला बसले. सगळे म्हणाले, आज राहू दे. मी उघडली. हाताला काम नसतं तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी घरी आले तेव्हा तू दारातच म्हणालास, "माय गेली तवा तू चिखलात खेळत व्हतीस."

व्हय दादा. चिखलातच होते.

सुकेशनी


छत्रपती संभाजीनगर
२ मार्च २०२५

दादा,

खायला काय घालते, ते आता सांगते!

लोणच्यात घालायचं व्हिनेगर बघितलंयस ना, त्यातल्या आंबटाचं मीठ. आणि चिमटीभर नवसागरासारखा एक क्षार. बस. पण किती घालायचं, हीच खरी गंमत आहे. मागच्या साली पहिल्या बाटल्या केल्या तेव्हा मी पुस्तकात वाचून भरपूर घातलं. बिचारे इतक्या वर्षांचे भुकेले, म्हटलं, खाऊ द्या पोटभर. दोन महिन्यांनी बघते तर सगळा शुकशुकाट. जे होते तेही गेले.

किती दिवस मला उमगेना. मग एकदा मेसमध्ये ताटावर बसले असताना दुष्काळाचं साल आठवलं. तेव्हा मी सातवीत होते. पिशोरच्या त्या शेतकऱ्याच्या खळ्यावर आपली मेंढरं ज्वारीच्या राशीत घुसली, आणि दिवस मावळायच्या आत पोट फुगून किती मेली. तू रडत होतास, नाकारू नको, मी बघितलंय. माय रडली नाही. उरलेल्या मेंढरांना तिनं आधी नुसता पाला दिला, मग ओंजळीनं मोजून दाणे. एकेकीचं तोंड धरून. "उपाशी जीवाला हळू खाऊ घालावं लागतं," म्हणाली.

मी ताट तसंच ठेवून उठले आणि लॅबमध्ये गेले. पुढच्या बाटल्यांना इतकं थोडं घातलं की शिवराज म्हणाला, "हे खाद्य आहे का नैवेद्य?" त्याच बाटल्या उठल्या.

अजून एक युक्ती सांगते. आपण गर्दीत आपली मेंढरं ओळखायला पाठीवर गेरूचा ठिपका देतो. मी खाद्याला असा ठिपका दिलाय. त्यातला नायट्रोजन जरा जड जातीचा आहे. जंतूनं ते खाल्लं तर तो जडपणा त्याच्या अंगात सापडतो. दुसऱ्या शहरातल्या एका यंत्रात ते मोजता येतं. म्हणजे नुसता ठिपका दिसला म्हणून नाही, याच बाटलीत बसून यानंच जेवण केलं, याचा पुरावा.

आणि सगळ्यात भारी गोष्ट, जी मॅडमनाही आवडली: यांतला एकेक वेगळा काढून ठेवला की तो मरतो. कितीदा करून बघितलं. सोबत असले की जगतात. एक जण जे टाकून देतो, ते दुसऱ्याचं जेवण. दुसऱ्याचं टाकलेलं तिसऱ्याचं. म्हणून आम्ही एका जंतूबद्दल बोलतच नाही, सगळ्या वस्तीबद्दल बोलतो.

शेवटच्या तुकड्यातून नव्या बाटल्या भरल्या. मॅडम खरंच शेजारी बसल्या, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, आणि माझा हात जरा इकडंतिकडं गेला की खोकायच्या. त्यांचा खोकला मला आता झोपेतही ऐकू येतो. तुकड्याची बाहेरची साल फेकून दिली, फक्त मधला गाभा घेतला.

आता वाट बघायची. तू भाकरीला अजून काही विचारलंस तर वहिनी कळवतीलच.

सुकेशनी


छत्रपती संभाजीनगर
१७ एप्रिल २०२५

दादा,

आज जे झालं ते ऐकून तू हसशील, आणि हसलास तरी चालेल.

सकाळी विभागात आले तर शीतखोलीच्या बाहेर शिवराज घाम पुसत उभा. कॉम्प्रेसर जळाला होता. बाहेर ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं, आणि आत माझ्या बाटल्या, ज्यांनी जन्मात चार अंशांच्या वर कधी ऊब बघितली नाही. दुसऱ्या विभागांतले फ्रिज बघितले, ते खाऊच्या डब्यांनी आणि औषधांनी गच्च. मिस्त्री म्हणाला, पार्ट आणावा लागेल, संध्याकाळ होईल.

"बर्फ," मी म्हणाले.

"कुठला बर्फ?"

"शहागंज!"

शिवराजच्या स्कूटरवर निघालो. बाजारात एका गल्लीत बर्फवाले चाचा बसतात, लादीवर गोणपाट टाकून. मी धापा टाकत म्हटलं, "चाचा, जितना है उतना दे दो."

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "शादी है क्या बेटा?"

शिवराज म्हणाला, "नहीं चाचा. मेहमान आए हैं. गर्मी बर्दाश्त नहीं होती उनको."

"किधर से आए?"

"नीचे से."

"नीचे से, मतलब? घाट के नीचे से? चालीसगाँव?"

"और नीचे से," मी म्हटलं. "समंदर के तले से."

चाचांनी गोणपाट बाजूला सारलं. मग आत बघून ओरडले, "अरे, बडी वाली लादी निकालो! दूर का मेहमान है!"

दादा, ती लादी रिक्षात घालून आम्ही निघालो तेव्हा अर्ध्या शहागंजला ठाऊक झालं होतं की विद्यापीठात समुद्राचे पाहुणे आलेत. रिक्षावाला सिग्नलला थांबायलाच तयार नव्हता. मागं सगळ्या रस्त्यावर पाण्याची रेघ, माझी सलवार गुडघ्यापर्यंत ओली. आणि विभागात पोचलो तर काय बघते, मॅडम साडीचा पदर खोचून पायऱ्यांवर उभ्या! मोठमोठे खोके, थर्माकोल, जुनी कूलरची टाकी, सगळं त्यांनी जमवून ठेवलेलं. ऑफिसमधले क्लार्क, एमएस्सीची पोरं, सगळ्यांनी रांग धरून बर्फ वर पोचवला. मी थर्मामीटरला चिकटून. नऊवर गेला होता. आठ. सात. पाचवर आला तेव्हा जिन्यात टाळ्या पडल्या.

संध्याकाळी कॉम्प्रेसर चालू झाला. बाटल्या बऱ्या असाव्यात असं वाटतंय. खरं काय ते महिन्याभरात कळेल. नमुने बाहेर तपासायला पाठवलेत.

एक गोष्ट राहिली. बर्फाच्या पाण्यातच उभ्या असताना मॅडम म्हणाल्या, "नोव्हेंबरात जहाज पुन्हा जातंय. तुझं नाव देऊ?" मी म्हटलं, विचार करून सांगते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना वाटलं मी ऐकताक्षणी होय म्हणेन.

मलाही तसंच वाटलं होतं.

सुकेशनी


छत्रपती संभाजीनगर
४ जून २०२५

वहिनी,

या खेपेला पत्र तुम्हाला. दादा काल इथं येऊन गेला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण घरी आल्यावर त्यानं "बरं झालं" यापलीकडं काही सांगितलं नसणार. मला म्हणाला, "सुरेखाला तूच कळीव. माझ्यानं व्हनार नाय." म्हणून लिहिते.

आधी बातमी. निकाल आले! या वेळी बिनगाळाची बाटली कोरी. उकळलेली कोरी. आणि गाळाच्या बाटल्यांत जंतूच जंतू, त्यांच्या अंगात आम्ही खूण केलेलं खाद्य. त्यांची जातकुळी तपासली तर खोल समुद्राच्या गाळात राहणाऱ्यांचीच भावकी निघाली, माणसाच्या हातावरचं त्यांत कुणी नाही. मॅडमनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग कागद टेबलावर ठेवून मला अशी मिठी मारली की माझी वेणी त्यांच्या घड्याळात अडकली. शिवराजला ती सोडवावी लागली.

हे मी दादाला दोन ओळींत कळवलं होतं. तो येईल असं स्वप्नातही नव्हतं. काल गेटवरून फोन आला, "मॅडम, कन्नडहून पाव्हणे आलेत. म्हणतात, समुद्राचा गाळ बघायचाय."

मी पळत गेले. दादा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून उभा. माझ्याकडं बघितलं नाही. इमारतीकडं बघत म्हणाला, "मेंढरांचं औषध घ्यायला आलतो. म्हनलं, बघून जावं."

मायक्रोस्कोपपुढं बसवला. आधी म्हणाला, काय दिसत नाय. मी चकती फिरवली. मग एकदम, "आरं तिच्या मायला!"

शिवराजच्या हातातला चहा सांडला.

"हे समदे जित्ते?"

"व्हय दादा."

"लई बारके हायेत." आणि बराच वेळ बघतच राहिला. मग विचारलं, "ह्यांच्यात म्होरक्या कंचा?"

"म्होरक्या नसतो."

"मंग जायचं कुठं, हे कोन ठरवतं?"

"कुठंच जात नाहीत. आहेत तिथंच राहतात. एकाचं उरलेलं दुसरा खातो."

"मंग बरंय की. बिऱ्हाड उचलायची कटकट नाय."

मी हसले. तो हसला नाही. डोळा मायक्रोस्कोपलाच लावलेला. शिवराजला काय वाटलं कुणास ठाऊक, तो फडकं आणतो म्हणून बाहेर गेला. आणि दादा तसाच, मान न उचलता, बोलायला लागला.

"माय इचारत व्हती तुला."

मी चकतीवरचा हात काढला.

"त्या दिशी सकाळी. म्हनली, सुकी कुठवर पोचली? म्या म्हनलं, पार मधी. समुद्राच्या मधोमध. म्हनली, तिला बलावू नको. म्या म्हनलं, बलावून तरी कशी येईल ती? तर हसली, सुकेशनी. किती दिसांनी हसली. म्हनली, माझ्या पोटचं एक तरी लई लांब गेलं."

वहिनी, मायचा तो शेवटचा दिवस माझ्याकडं नव्हताच. कुणी सांगितलाच नव्हता. मी विचारलं, "हे आजवर का नाही सांगितलंस?"

तेव्हा त्यानं मान वर केली. डोळे लाल झालेले.

"राग आलता. तुझा नाय, तिचा. म्या जलमभर तिच्याजवळ. तिचं पाय चेपले, तिला पाणी पाजलं. अन् हसली ती तुझ्या नावानं. म्हनलं, हे तुला द्यायचं नाय. येवढं तरी माझ्याजवळ राहू दे."

"दादा," मी म्हटलं, "तुझ्या हातचं पाणी पिऊन गेली ती. मला ते कुठून मिळणार आता?"

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, मेंढीच्या लोकरीचा वास येणारा. मग मीच रडले की तोही रडला, ते नीट सांगता येणार नाही. शिवराज दाराशी येऊन परत गेला एवढं आठवतं.

नंतर मॅडम आल्या. दादानं त्यांना हात जोडले आणि विचारलं, "पोरगी कामाला बरी हाय का?" मॅडम म्हणाल्या, "हट्टी आहे." दादा खुलला. "ते आमच्या घरातलंच हाय," म्हणाला. त्याच्यासमोरच मी मॅडमना सांगितलं, "नोव्हेंबरसाठी माझं नाव द्या." दादा खिडकीबाहेर बघत होता, पण ऐकत होता.

दुपारी त्याला स्टँडवर सोडायला गेले. कन्नडची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी. कंडक्टरनं बेल मारल्यावर दादानं विचारलं, "तिथून फोन लागतो का?"

"जहाजाचा लागतो. आठवड्यातून एकदा. माझी पाळी रविवारी."

गाडी हलली. मी सोबत चार पावलं चालले. दादा स्वतःशीच काहीतरी हिशेब करत होता. नोव्हेंबरात मेंढरं घाटाखाली नेतो ना तो, कापसाच्या रानांत.

मग त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडला, "खाली रेंज नसती! औंदा म्या घाटावरच ऱ्हाईन!"

तुमची,
सुकेशनी